हरवलेले घोडे

कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० 'जरा पळती' करायची असेल, तर पहिले दहा-बारा हजार रुपये तिची पॉवर वाढवण्यावर अजिबात खर्च करू नयेत. कारखान्यातून निघताना तिच्याकडे जी पॉवर होती, त्यातली जी वाटेत कुठेकुठे सांडली, ती आधी गोळा करावी. हे माझं मत मी गेल्या दोन महिन्यांत हापिसातल्या कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा मांडलंय, की आता लोक मला बघून ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातात. तेव्हा या वीकांताला लिहूनच टाकतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. आमच्याकडे १९९३ ची ८०० आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणजे नात्याने ताईच. बाबा निवृत्त झाल्यापासून ती, आई आणि बाबा असे तिघं महिन्यातून एकदा पाचगणीला मावशीकडे जातात. गेल्या दिवाळीनंतर बाबा म्हणाले, "पसरणी घाटात दुसऱ्या गिअरातसुद्धा धाप लागते रे तिला. मागे एसटी येऊन हॉर्न मारत बसते." बाबा गाडीची तक्रार सहसा करत नाहीत, त्यामुळे घरात एकदम गंभीर वातावरण. आईचं मत, विकून टाका, नाहीतर भंगारात द्या, पण घाटात बंद पडून मला दगडावर बसायला लावू नका. माझ्या टीममधल्या एका मित्राचं मत, इंजिनच बदल. त्याच्या ओळखीचा कोणीतरी ८०० मध्ये १३०० सीसीचं इंजिन बसवून देतो. खर्च लाखाच्या वर. "अरे, डबा उडेल डबा!"

तर आधी त्या उडत्या डब्याबद्दल.

८०० मध्ये जिप्सीचं किंवा एस्टीमचं इंजिन कोंबणं हा आपल्याकडचा जुना शौक आहे. साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी आणि त्यात १३०० सीसी म्हटल्यावर ती पळणारच, त्यात वाद नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणून एक प्रकरण आहे, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल स्पष्ट सांगितलंय की उत्पादकाने मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. म्हणजे उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत. शिवाय गाडी पळाली की थांबवावीही लागते. वेगाच्या वर्गाने ऊर्जा वाढते हे आपण सगळे अकरावीत शिकलोय: ६० ऐवजी ८० ने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला जवळजवळ पावणेदोनपट ऊर्जा पचवावी लागते. आणि जुन्या ८०० पैकी बऱ्याच गाड्यांत ब्रेकला बूस्टरसुद्धा नाही. एअरबॅग वगैरे तर सोडाच. सत्तरीकडे झुकलेले आई-बाबा ज्या गाडीतून घाट चढतात-उतरतात, तिच्यावर मी लाख रुपये खर्चून असला प्रयोग करणार नाही.

मग उरतं ते मूळ इंजिन. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, नवी असताना ३७-३८ घोडे. ऐकून हसू येतं, पण वजनाशी भागून बघा. रिकाम्या गाडीला टनामागे सत्तावन्न-अठ्ठावन्न घोडे पडतात. त्यात पाच मोठी माणसं बसली की तोच आकडा अडतिसाच्या आसपास येतो. म्हणजे या गाडीत माणूस आणि सामान हाच सगळ्यात मोठा 'ट्यूनिंग' घटक. मोठ्या एसयूव्हीत चाळीस किलो कुणाला कळतही नाहीत. इथे चालक आणि एक प्रवासी धरून चाळीस किलो म्हणजे एकूण वजनाच्या पाच टक्के, आणि चढावर पाच टक्के वजन कमी करणं हे पाच टक्के पॉवर वाढवण्यासारखंच आहे. आमच्या डिकीतून काय निघालं सांगू? एक जादा जुना टायर, एक लोखंडी जॅक जो या गाडीचा नव्हताच, पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन आणि गणपतीच्या मखराच्या लोखंडी पट्ट्या. वजनकाट्यावर चाळीस किलोला थोडंसं कमी. खर्च शून्य. (पट्ट्या आता माझ्या पलंगाखाली आहेत. असो.)

सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको: प्रोग्राम हळू चालतोय म्हणून कुणी लगेच मोठा सर्व्हर मागवत नाही (म्हणजे मॅनेजर मागवतात, पण तो वेगळा विषय). आधी प्रोफायलर लावून वेळ कुठे जातोय ते बघतात. गाडीच्या बाबतीत मात्र तेच आपण सरळ दुकानात जाऊन चकचकीत एअर फिल्टर घेऊन येतो.

गाडीसाठी प्रोफायलर फुकटात मिळतो. पहाटेचा मोकळा, सपाट रस्ता, तिसरा गिअर, फोनवरचा जीपीएस स्पीड, आणि ३० ते ६० ला लागणारा वेळ. दोन्ही दिशांनी तीन-तीनदा घ्यायचा, म्हणजे वारा आणि नकळत असलेला उतार वजा होतो. शून्यापासूनचा वेळ मोजण्यात अर्थ नाही, त्यात क्लचवरचा तुमचा पायच जास्त मोजला जातो. आमच्या गाडीची सरासरी आली साडेअकरा सेकंद. मग नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि पुन्हा मोजायचं.

पहिली तपासणी इतकी साधी आहे की सांगायची लाज वाटावी. एअर फिल्टरचा डबा काढा, इंजिन बंद ठेवून कुणालातरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि वरून कार्ब्युरेटरमध्ये डोकावून बघा. फुलपाखरू, म्हणजे थ्रॉटलची चकती, पूर्ण उभी होते का? तीस वर्षांत केबल ताणली जाते, पेडलखाली जाड मॅट येते, आणि फुल थ्रॉटल म्हणजे प्रत्यक्षात पाऊणच उरतो. चोकची पट्टी पूर्ण उघडते का तेही तेव्हाच बघून घ्यायचं. आमची केबल ढिली होती. नट दोन-तीन फेरे फिरवले, झालं.

दुसरी: चारही चाकं एकेक करून जॅकवर उचलून हाताने फिरवायची. मागचं एक चाक अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं, कारण ब्रेक-शू चिकटून बसले होते. म्हणजे बाबा गेले कित्येक महिने थोडासा ब्रेक लावूनच घाट चढत होते! कुठल्याही एक्झॉस्टने याच्या निम्माही फरक पडला नसता.

तिसरी तपासणी मात्र खरी महत्त्वाची, आणि इथे गाडीचं भवितव्य ठरतं. कॉम्प्रेशन. गेज हजार-बाराशेला मिळतो, किंवा गॅरेजवाला शे-दोनशेत बघून देतो. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि स्टार्टर मारायचा. नेमका आकडा किती यापेक्षा तिघांचे आकडे एकमेकांजवळ आहेत का हे बघा. एखादा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. रिंगा गेल्या असतील तर बाकी सगळे उपाय थांबवा, कारण मग प्रश्न 'पळती कशी करायची' हा नाही, 'इंजिन उतरवायचं की गाडी सोडायची' हा आहे. आमचा एक सिलिंडर कमी होता, पण ऑइलने काही फरक पडला नाही. व्हॉल्व्हची सीट झिजत गेली की टॅपेटमधली फट कमी होत जाते, आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. ती फट मॅन्युअलप्रमाणे सेट केल्यावर आकडा वर आला. सुदैव म्हणायचं, कारण तसाच चालवत राहिलो असतो तर व्हॉल्व्ह जळला असता आणि मग आईच जिंकली असती.

इग्निशनबद्दल जास्त लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. फक्त पॉइंटवाल्या गाडीत एक लक्षात ठेवा: पॉइंटचा घासणारा ठोकळा झिजला की फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. गाडी बंद पडत नाही, मिसिंगही करत नाही, फक्त हळूहळू मंद होते, आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी म्हातारी झाली. पॉइंट, प्लग, वायरी बदला आणि टायमिंग लाइट लावून सेट करून घ्या. नुसत्या कानाने नको.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे एक महान परंपरा आहे. गाडी एकदा गरम झाली की मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून देतो, वर सांगतो, "आपल्याकडे लागत नाही तो, थंड देशातला पार्ट आहे." तुमच्याही जुन्या गाडीतून तो कधीतरी गेलेला असण्याची शक्यता दांडगी आहे. तो नसला की इंजिन कायम कोमट राहतं. कोमट इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, झीज वाढते, ॲव्हरेज पडतं. काही शे रुपयांचा पार्ट. परत बसवला, सोबत रेडिएटर साफ केला, आणि काटा जिथे असायला हवा तिथे येऊन थांबला. बाबांना आधी ते गाडी तापल्यासारखंच वाटलं, कारण काटा मधोमध त्यांनी वर्षानुवर्षं बघितलाच नव्हता.

इथवर आलो तेव्हा वेळ दहा सेकंदांच्या थोडा आत आला होता. पण रिकाम्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर एकदम दाबला की गाडी क्षणभर 'आँ?' करायची आणि मग उचलायची. सकाळी चालू व्हायलाही नखरे. हा कार्ब्युरेटरचा विषय, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण यातला एक भाग नवा आहे.

साधा कार्ब्युरेटर ही ओपन-लूप सिस्टिम आहे. आत येणाऱ्या हवेच्या वेगाने दाब कमी होतो, त्या ओढीने ठरावीक भोकाच्या जेटमधून पेट्रोल खेचलं जातं. बस. जळल्यावर काय बाहेर पडलं हे बघणारा सेन्सर नाही, चूक दुरुस्त करणारा कुणी नाही. २००० साली ८०० मध्ये एमपीएफआय आलं. फ्युएल इंजेक्शनमध्ये कॉम्प्युटर असतो, आणि ऑक्सिजन सेन्सर जोडलेला असला की तो मिश्रण सतत सुधारत बसतो. कार्ब्युरेटरला मात्र आपण किती उंचीवर आहोत हेही कळत नाही. म्हणून पाचगणीला हवा विरळ झाली तरी पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि मिश्रण घट्ट होतं. हजार मीटर चढलं की साधारण दहा टक्के दम तसाही जातो. त्याचं कुणाला काही करता येत नाही, तो सह्याद्रीचा टोल समजा.

तसंच आपण कोणतं पेट्रोल पितोय हेही कार्ब्युरेटरला कळत नाही. आणि २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, ई-२०, हेच नेहमीचं पेट्रोल झालं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला सुमारे साडेतेरा. म्हणजे १९९३ साली शुद्ध पेट्रोलसाठी ज्या मापाचं भोक पाडलं, त्यातून आज तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं. पातळ मिश्रणाची लक्षणं म्हणजे थंडीत चालू व्हायला त्रास, दाबल्यावर क्षणभर झोप, चढावर जास्त तापणं. त्यात इथेनॉलमध्ये उष्मांक कमी, त्यामुळे ॲव्हरेज कमी होणार ते वेगळंच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० वर जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती. पण पिकअप गेला तो इथेनॉलच्या नावाने बोटं मोडून परत येत नाही, जेट बघून येतो.

नाना पेठेच्या मागच्या गल्लीत एक कार्ब्युरेटरवाले काका आहेत. सत्तरीचे असतील. टेबलावर एक स्टीलची थाळी, रॉकेलची बरणी, टूथब्रश आणि जेटने भरलेली पत्र्याची डबी. त्यांनी पंधरा मिनिटांत कार्ब्युरेटर उघडून थाळीत मांडला. पंपाचा डायफ्राम पापडासारखा कडक झालेला, म्हणून ती क्षणभराची झोप. नीडलचं टोक खाल्लेलं. खालचं पॅकिंग हवा खेचत होतं. (हे घरीही तपासता येतं: आयडलिंगवर पॅकिंगच्या कडेने थोडा कार्ब क्लीनर मारायचा, इंजिनचा आवाज बदलला की गळती आहे. इंजिन थंड असताना आणि आग विझवायचं काहीतरी जवळ ठेवून, कृपया.) मग त्यांनी डबीत बोट फिरवून एक नंबर मोठा मेन जेट शोधला. मी विचारलं, "काका, जुन्यालाच ड्रिल मारला तर?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "साहेब, सुरीने ऑपरेशन होतं, म्हणून विळीने करायचं का?"

पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलले. हे ई-२० च्या काळात पॉवरसाठी नाही, तर आग लागू नये म्हणून करायचं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

मग तिथून थेट पीयूसी सेंटर. ही युक्ती मला फार आवडते: शे-दीडशे रुपयांत तुम्हाला गॅस ॲनालायझर वापरायला मिळतो! आमच्या वयाच्या गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. काकांनी कानाने लावलेला स्क्रू आणि मशीनचा आकडा ताडून बघितला. १.८ आला. कानाला सलाम. अर्थात हे फक्त आयडलिंगचं मोजमाप. मेन जेट बरोबर आहे का हे चढावर चालवून, लगेच इंजिन बंद करून, प्लगचा रंग बघूनच कळतं. फिक्या कॉफीचा रंग हवा. पांढराफटक आला तर पातळ, काजळी आली तर घट्ट.

शेवटची सरासरी पावणेनऊ सेकंद. आधी साडेअकरा होती. केबलपासून पीयूसीपर्यंत सगळा खर्च नऊ हजारांच्या थोडा वर. आणि पसरणीला बाबा आता तिसऱ्यात राहू शकतात, निदान वळणांच्या मधल्या तुकड्यांवर. एकही घोडा नवा विकत घेतलेला नाही.

बाजारात जे विकतात त्याबद्दल दोन ओळी. उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि गरम हवा म्हणजे विरळ हवा. जोरात वाजणारा एक्झॉस्ट या इंजिनात आवाजाच्या प्रमाणात पॉवर देत नाही, फक्त सोसायटीत ओळख वाढवतो. पेट्रोलच्या पाइपला लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांच्यावर मी बोलणार नाही, रविवार आहे.

टायरबद्दल मात्र बोलायला हवं. या गाडीचं माप १४५/७० आर १२. ते दुकानात पटकन मिळत नाही, म्हणून बरेच जण १४५/८० बसवून देतात, "त्याच रिमचा आहे" म्हणत. पण त्याने चाकाचा व्यास पावणेसहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे चारही गिअर तेवढ्याच प्रमाणात उंच होतात आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो. तेरा इंची अलॉय आणि रुंद टायर घातले तर आणखी जास्त. दिसायला झकास, पण चढावर तुम्ही स्वतःच्या हाताने हरवलेल्या घोड्यांत दोन-तीन जमा केले. मूळ मापाचे चार नवे टायर अकरा हजारांत आले. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच, आणि त्याने वेळ एका दशांशानेही कमी झाला नाही. तरीही सगळ्यात आधी पैसे इथेच घालावेत असं मी म्हणेन, कारण आधीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि काचेसारखे कडक झाले होते. पावसात घाट उतरताना कार्ब्युरेटर कामाला येत नाही.

हे सगळं परवडणारं आहे असं मी म्हणतोय, पण त्यात एक घटक असा आहे ज्याची किंमत बिलात दिसत नाही. काकांकडे शिकायला कुणी नाही. त्यांचा मुलगा एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आहे, हुशार आहे, स्कॅनर लावून पाच मिनिटांत फॉल्ट सांगतो. आमच्या गाडीला स्कॅनर लावायला भोकच नाही. डायफ्राम आणि पॅकिंगचा किट अजून मिळतो. मात्र कुठला जेट घालायचा हे ज्याला कळतं असा माणूस पुण्यात बोटांवर मोजण्याइतका उरला असेल. म्हणून कार्ब्युरेटर उघडा असताना मी प्रत्येक जेटचा नंबर, फ्लोटची उंची, स्क्रूचे फेरे असं सगळं वहीत लिहून घेतलं आणि फोटो काढले. काका हसत होते, पण त्यांनी दोन आकडे माझ्याकडून पुन्हा लिहवून घेतले, कारण मी सातचा एक केला होता म्हणे. अक्षर माझं तसं आहेच.

पुढचं रिन्युअल २०२८ ला. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींचं नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार झालंय, वर पर्यावरण कर वेगळा. तोपर्यंत कॉम्प्रेशन दर सहा महिन्यांनी मोजायचं ठरलंय. तिन्ही आकडे जवळ राहिले तर दहा हजार भरायचे, एक जरी घसरून रिंगांवर गेला तर आईचं ऐकायचं. त्याआधी, म्हणजे येत्या पगाराला, ब्रेकचे चारही रबरी होज आणि मागच्या सीटचे बेल्ट. बेल्टचं माप घ्यायला उद्या सकाळी गाडी पार्किंगमधून बाहेर काढायची आहे, आणि शेजारच्या काकांची बुलेट नेहमीप्रमाणे आडवी लावलेली आहे.